फ्रिजची दप्तर तपासणी

मे महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी, पिंप्राळ्यातल्या लीलाधर पाटलांच्या घरी नवा फ्रिज रुजू झाला. त्याला हळदकुंकू लावण्यात आलं आणि स्वयंपाकघरात भिंतीपासून चार बोटं सोडून जागा नेमून देण्यात आली. बाहेर पंचेचाळीस अंश होते.

फ्रिज हौसेचा नव्हता. लीलाधररावांच्या आई, ब्याऐंशी वर्षांच्या बेबाबाई, यांना डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं होतं. खोक्यावर बारीक अक्षरात छापलं होतं: दोन ते आठ अंश. आणि घरातल्या जुन्या फ्रिजने एप्रिलमध्येच मान टाकली होती.

आता लीलाधरराव कोण, तेही सांगायला हवं. ते शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झाले होते. म्हणजे एकतीस वर्षं त्यांनी शाळा तपासल्या. मोटारसायकल फाटकाबाहेर बंद करायची आणि ढकलत आत न्यायची, म्हणजे गुरुजींना चाहूल लागत नाही, ही पद्धत तालुक्यात त्यांनीच रूढ केली. निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नव्हतं. तीन वर्षं माणूस नुसता वाळत चालला होता.

फ्रिज आला आणि चेहऱ्यावर तेज आलं. बारा वाजता त्यांनी आत थर्मामीटर ठेवला आणि दोनशे पानी वहीत रकाने आखले. एक वाजता दार उघडलं.

*अ. क्र. १. वेळ १.००. तापमान ९. शेरा: मर्यादेपेक्षा एक अंश जास्त. सुधारणेस वाव आहे.*

"अहो, आत्ताच तर आलाय," रत्नाबाई म्हणाल्या. त्या लीलाधररावांच्या पत्नी, निवृत्त शिक्षिका. "गार व्हायला वेळ द्या त्याला."

"वेळ दिला की ढिलाई येते."

*अ. क्र. २. वेळ १.३०. तापमान १०. शेरा: कामगिरी घसरत आहे. भेटी वाढवाव्यात.*

भेटी वाढवल्या, तसा आकडा वाढला. आकडा वाढला, तशा भेटी वाढवल्या. संध्याकाळपर्यंत लीलाधररावांच्या लक्षात आलं की ठरलेल्या वेळेला गेलं तर फ्रिज तेवढ्यापुरता थंड राहून दाखवेल. मग ते मोजे घालून, पावलांचा आवाज न करता यायचे आणि दार खाडकन उघडायचे. फ्रिजमधला दिवा लागलेला असायचा. त्यावरूनही त्यांनी शेरा मारला: *विनाकारण वीज जळते.*

बेबाबाई खाटेवरून हे बघत होत्या. माहेर साक्रीकडचं, बोली अजून तिकडचीच, अहिराणी.

"अरे लीला, घडीघडी काय उघाडी देखस? त्यामा मन्हं औषध शे, तुन्ही परीक्षा नही."

"आई, तुझ्यासाठीच चाललंय हे."

बुधवारी सखोल तपासणी झाली. आतलं सगळं बाहेर काढून प्रत्येक कप्प्याचं तापमान स्वतंत्रपणे घेण्यात आलं. दही, कोथिंबीर आणि कळण्याच्या भाकरीचं पीठ ओट्यावर मांडलं. इन्सुलिनची पेनं खिडकीत ठेवली, कारण पुराव्यासाठी फोटो काढायचा होता आणि फोटोला उजेड लागतो. उजेड भरपूर होता. तपासणी सव्वा तास चालली, निष्कर्ष समाधानकारक न वाटल्यामुळे दुपारी तीन वाजता पुन्हा झाली.

*अ. क्र. ६८. तापमान १९. शेरा: दोष सिद्ध. कंपनीस कळवले.*

गुरुवारी सकाळी बेबाबाईंना चक्कर आली. रत्नाबाईंनी बोटाला सुई टोचून साखर पाहिली. तीनशे दहा. डॉक्टर फोनवर म्हणाले, "औषध उन्हात तापलं असेल तर फेकून द्या, दुसरं आणा." रत्नाबाई रिक्षाने गेल्या आणि बर्फाच्या थर्मासमध्ये नवी पेनं घेऊन आल्या. बर्फ संध्याकाळपर्यंत टिकणार होता. त्यानंतर पेनं ठेवायला घरात एकच जागा होती.

त्याच सुमाराला कंपनीचा माणूस आला. जुनैद नाव. त्याने फ्रिजच्या पाठीला हात लावला, कान लावला, मग वही चाळली.

"काका, दीड दिवसात अडुसष्ट वेळा?"

"कमी आहेत का?"

"फ्रिज ठणठणीत आहे. फक्त एक दिवस उघडू नका."

"न उघडता तो थंड आहे हे सिद्ध कसं होणार?"

जुनैदने वही मिटून परत दिली. "काका, तुम्ही आमच्या हेड ऑफिसला पाहिजे होते."

मग त्याने मोबाइल काढला. फ्रिज बदलून हवा असेल तर नियम सोपा होता. बहात्तर तास, दर तासाला एक फोटो. फोटोत उघडं दार, थर्मामीटर आणि तक्रारदाराचा चेहरा एकाच वेळी दिसला पाहिजे. नेटवर्क मिळून फोटो चढेपर्यंत दार लावायचं नाही. लावलं तर पहिल्यापासून.

"आणि तेवढ्यात आकडा वाढला तर?" रत्नाबाईंनी विचारलं.

"वाढला तरच बदलून मिळतो, काकू."

लीलाधररावांचा ऊर भरून आला. इतकी शिस्त असलेली कंपनी या देशात आहे! "आजच सुरू करू," ते म्हणाले आणि दाढी करायला उठले, कारण फोटोत चेहरा होता.

"बसा," रत्नाबाई म्हणाल्या. हा आवाज त्यांनी चौथीच्या वर्गावर वापरलेला होता. लीलाधरराव बसले. "आमच्या शाळेवर एका वर्षात अठ्ठावीस भेटी दिल्या होत्या तुम्ही. आठवतं? मुलांना वाचता का येत नाही, याचा खुलासा मागितलात. तो मी कधी लिहिला, माहीत आहे? वाचनाच्या तासाला."

"खुलासा मात्र सुंदर होता," लीलाधरराव पुटपुटले. "म्हणून तर मागणी घातली."

एवढ्यात मागे काहीतरी खट् वाजलं. बेबाबाई भिंतीला धरून उभ्या होत्या. थर्मासमधली पेनं त्यांनी स्वतः फ्रिजमध्ये ठेवली होती, दार लावलं होतं आणि कुलपात किल्ली फिरवली होती. फ्रिजला कुलूप असतं, हे अडुसष्ट तपासण्यांत लीलाधररावांच्या नजरेला आलं नव्हतं. बेबाबाईंनी दोन्ही किल्ल्या पदराच्या गाठीत बांधल्या.

"चावी आते मन्हाजोडे राही."

"आई, थर्मामीटर आत आहे!"

"राहू दे. त्याले बी थंड वाटी."

पुढचे तीन दिवस बेबाबाई सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा दार उघडत, पेन काढत, ठेवत आणि कुलूप लावत. लीलाधरराव मागून मान वाकडी करून आकडा वाचायचा प्रयत्न करत, पण त्या दाराच्या फटीत स्वतः उभ्या राहत. "किती अंश आहे, आई?" "थंड शे." वहीत हे लिहिता येत नव्हतं. रकाना अंकांचा होता.

रविवारी कंपनीचा संदेश आला: *छायाचित्रे प्राप्त न झाल्याने आपली तक्रार निकाली काढण्यात येत आहे.* सोमवारी सकाळी रत्नाबाईंनी सासूबाईंची साखर पाहिली. एकशे बेचाळीस. बेबाबाईंनी भाकरी मागितली आणि वर ठेचाही.

लीलाधररावांनी वही उघडली.

*अ. क्र. ६९. तापमान: अप्राप्त. आईची प्रकृती: बरी. शेरा: दोन्हींचा संबंध तपासावा लागेल.*

सध्या ते दर तासाला कुलूप ओढून बघतात. त्यासाठी वेगळी वही घातली आहे.

तुम्हाला हसू आलं असेल. येऊ द्या. तुमची लेक पलीकडच्या खोलीत दार लावून अभ्यासाला बसली आहे ना? ते दार आज सकाळपासून किती वेळा उघडलंत? आकडा आठवत नसेल, तर जा, एकदा उघडून तिलाच विचारून या.