एक खातं, दोन घरं

मराठी पेपर बडोद्याला संध्याकाळी पोचू लागला आणि जनार्दनरावांचं डोकं फिरलं. सकाळच्या चहाला काय भिंतीकडे बघायचं? सून यशश्रीने सुचवलं, की फीड रीडर नावाची एक सोय इंटरनेटवर असते. आवडते ब्लॉग आणि बातम्यांची संकेतस्थळं त्यात एकदा जोडून ठेवली, की नवीन येणारं सगळं एकाच पानावर मिळतं.

रिफायनरीतून निवृत्त झालेला हा माणूस भाजीसुद्धा तपासल्याशिवाय घेत नसे. पहिल्या रीडरने दारातच फोन नंबर मागितला. "मला बातम्या वाचायच्यात, सोयरीक नाही जुळवायची," असं त्यांनी लॅपटॉपला सुनावलं. दुसरा न मागितलेल्या बातम्या वाढत राहिला. तिसऱ्यात जाहिरातींच्या फटीतून बातमी शोधावी लागे. चौथा मात्र साधा निघाला. मथळा उघडून वाचला, की तो पानावरून नाहीसा. पसारा उरत नाही, हे त्यांना फार पसंत पडलं.

बडोद्यातल्या हरणी भागातल्या त्यांच्या सोसायटीत हा पेपर वर्षानुवर्षं दोन घरांत चालत असे. आधी खाली जनार्दनराव वाचत, मग वरच्या मजल्यावर त्यांचा मित्र लक्ष्मीकांत, आणि नंतर दोघं जनार्दनरावांच्या गॅलरीत चहा पीत त्याच पेपरवरून वाद घालत. तेव्हा इथेही खातं एकच उघडलं. फुकटची वस्तूसुद्धा दोन-दोन घेणं दोघांनाही उधळपट्टी वाटली असती. लक्ष्मीकांतने त्यात जुन्या रेडिओंच्या दुरुस्तीचा ब्लॉग जोडला आणि पासवर्ड घेऊन तो वर गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने पान उघडलं, तर कोरं. पुढच्या सकाळीही तेच. जनार्दनराव पहाटे उठून शेवटच्या मथळ्यापर्यंत सगळं उघडत होते. पानात काही टाकायचं नाही, ही जेवणाची शिस्त त्यांनी वाचनालाही लावली होती. रेडिओतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, तरी तेही ते संपवत.

लक्ष्मीकांत तणतणत खाली आला. "आता मी काय वाचायचं ते तू ठरवणार?"

आपण काहीही पुसलेलं नाही, असं जनार्दनरावांनी सांगितलं. ते खरंच होतं, म्हणून त्यांना जास्त राग आला. खरं बोलूनही खोटं ठरण्याचा जितका संताप येतो, तितका दुसऱ्या कशाचा येत नाही.

मग लक्ष्मीकांत गजर लावून त्यांच्याआधी उठला आणि सगळं वाचून मोकळा झाला. आता कोरं पान जनार्दनरावांच्या पुढ्यात आलं. त्यांनी यशश्रीला ऑफिसात फोन केला. ती म्हणाली, संध्याकाळी बघते. संध्याकाळपर्यंत थांबतो तो राग कसला? त्यांनी रेडिओचा ब्लॉगच काढून टाकला. लक्ष्मीकांतने उलट पासवर्ड बदलून त्यांनाच बाहेर काढलं. दोघं जिन्यात समोरासमोर आले आणि न बोलता गेले. चहा बंद पडला. गॅलरीत जनार्दनराव एकटेच बसत, आणि रिकामी खुर्ची बघून त्यांचा जीव जळे.

शेवटी यशश्रीने दोघांना समोर बसवलं आणि बडोद्याच्या गुजराती वळणाने सुनावलं, "बाबा, काका, खातं एकच आहे ने! एकाने वाचलं, की दुसऱ्याचंही जातं. कोणी काही लपवलेलं नाहीये." तिने दोघांना वेगवेगळी खाती काढून दिली आणि रेडिओ परत जोडला. दोघं ओशाळले, पण माफी कोणीच मागितली नाही. "सकाळी चहाला ये," एवढं जनार्दनराव म्हणाले.

सकाळी लक्ष्मीकांत आला. जनार्दनरावांनी एक बातमी काढली, तर तो म्हणाला, वाचली. त्याने दुसरी काढली, तर यांनीही ती वाचलेली. सगळं दोघांचंही वाचून झालं होतं. चहा निवत चालला. ती शांतता जनार्दनरावांना सोसेना. मैत्रीखातर ते धडधडीत खोटं बोलले. "बाकीचं काही वाचलं नाही मी अजून. तूच सांग."

लक्ष्मीकांत खुलला. सोमवारपासून रावपुऱ्याचा रस्ता गाड्यांना बंद होणार, असं तो रंगवून सांगू लागला. जनार्दनरावांनी ओठ घट्ट मिटून घेतले. पण किती वेळ?

"चूक," ते म्हणाले. "बंद नाही, एकेरी. आणि तोही फक्त संध्याकाळी. बातमी शेवटपर्यंत कधी वाचलीस तू?"

लक्ष्मीकांतने कप खाली ठेवला. "म्हणजे तू वाचलीयस. मग मघाशी खोटं का बोललास?"

गॅलरीतले आवाज चढत गेले. आत यशश्रीने ते ऐकले आणि चहाचं आधण पुन्हा ठेवलं.