मोहितेकाकांचं पिस्तूल ठरतंय

मोहितेकाकांना वस्तू विकत घ्यायला फारसं आवडत नाही. ती घ्यावी की न घ्यावी हे ठरवायला मात्र मनापासून आवडतं. त्यांचा टोस्टर बिघडला तेव्हा त्यांनी मिल्टन कीन्समधली यच्चयावत दुकानं पालथी घातली, दिसेल त्या टोस्टरचे खटके दाबले, एका मॅनेजरला घरून नेलेला पाव दाखवून "हा मावेल का?" असं विचारलं. शेवटी काकूंनी कंटाळून ऑनलाइन मागवला. तो घरी आला त्या दिवशी काकांचा चेहरा एवढासा झाला होता. चांगलं रंगात आलेलं काम कुणीतरी मध्येच बंद पाडलं, असं त्यांना वाटलं.

काका आमचे शेजारी. मूळ कोल्हापूरचे, रेल्वे सिग्नलच्या एका कंपनीत नोकरी करून इथे इंग्लंडातच रिटायर झालेले. त्यांनी जुनी गाडी विकली त्याला आता बराच काळ लोटला. नवी कुठली घ्यायची, हे ठरतंय. तोवर बस आहे आणि मी आहे. मी वर्क फ्रॉम होम करते, म्हणजे त्यांच्या मते रिकामीच असते.

"प्राची, घाई कुणाला आहे?" हे त्यांचं लाडकं वाक्य. लॅपटॉप उघडा टाकून आणि एका पायात चप्पल घालून मी दारात उभी असले की हमखास ऐकायला मिळतं.

गेल्या गणपतीत, इथल्या मराठी मंडळाने भाड्याने घेतलेल्या शाळेच्या हॉलमध्ये, प्रसादाच्या रांगेत काका खणखणीत आवाजात मला म्हणाले, "सध्या एक पिस्तूल घ्यायचा विचार चाललाय. युज्ड आहे, पण कस्टम-बिल्ट."

रांग जागच्या जागी थांबली. एका आईने आपल्या मुलाला हळूच मागे ओढलं. आरतीच्या वेळेवरून ज्यांचं आणि काकांचं सकाळीच वाजलं होतं ते अध्यक्ष मोदक हातात धरून तसेच उभे राहिले. मग काकूंनी धावत येऊन सगळ्यांना समजावलं की हे हवेचं पिस्तूल आहे, त्यातून बारीक छर्रा सुटतो, तो कागदी टार्गेटला भोक पाडतो आणि अशा पिस्तुलाला या देशात मोठ्या माणसांना लायसनही लागत नाही. अध्यक्षांनी मोदक खाल्ला, पण त्या दिवसापासून ते काकांना "तुम्ही म्हणाल तेव्हा आरती" असं म्हणू लागले.

झालं होतं असं, की कम्युनिटी सेंटरच्या ओपन डेला नेमबाजी क्लबचा स्टॉल लागला होता. तिथे काकांचा पहिलाच नेम बरोब्बर मधोमध बसला. त्यापुढचे सगळे बाहेर गेले, पण ते काका सांगत नाहीत. आपल्या अंगात काहीतरी दडलंय अशी त्यांची खात्री पटली आणि तेवढ्यात क्लबच्या बोर्डावर त्यांना एक जाहिरात दिसली. जवळच्याच वुल्व्हर्टन गावच्या केन नावाच्या रिटायर्ड पोस्टमनला आपलं खास बनवून घेतलेलं पिस्तूल विकायचं होतं.

सेकंडहँड वस्तू तपासण्याची काकांची स्वतःची पद्धत आहे. "अगं, युज्ड वस्तू बघायचीच नसते. ज्याने युज केली तो माणूस बघायचा. त्याचे बूट बघायचे, गार्डन बघायचं, किचनमधला टॉवेल बघायचा. गिअरबॉक्सची कंडिशन आपोआप कळते."

"पिस्तुलाला गिअरबॉक्स असतो?"

"तेच बघायला चाललोय."

ते एका बुधवारी गेले. मग पुढच्या बुधवारी गेले. मग दर बुधवारी जायला लागले. परत आले की मला रिपोर्ट मिळायचा. "आज त्याचे टोमॅटो बघितले. हेल्दी आहेत."

"आणि पिस्तूल?"

"ते नेक्स्ट टाइम."

"किंमत काय सांगतोय?"

"किंमत एवढ्यात कशी विचारायची? बरं दिसतं का ते?"

काकू यात पडत नाहीत, कारण त्या नसतातच. सोमवारी सकाळी त्या लंडनमध्ये हॅरोला मुलीकडे नातवंडं सांभाळायला जातात, त्या थेट शुक्रवारी संध्याकाळी परत येतात. आधी काकाही जायचे. पण नातवाला शाळेत पोचवताना त्याला जाड कोट घालावा की पातळ, हे ठरेपर्यंत तिकडे शाळा भरलेली असायची. मग मुलीनेच प्रेमाने सांगितलं, "बाबा, तुम्ही आपले मिल्टन कीन्सला आराम करा." काका ही गोष्ट फार हसवून सांगतात. मीही प्रत्येक वेळी हसले आहे.

एका बुधवारी बस रद्द झाली आणि मी त्यांना सोडायला गेले. केनने मलाही आत बोलावलं. उंच, किडकिडीत माणूस. त्याचा डावा हात सारखा थरथरत होता आणि तो त्याला उजव्या हाताने धरून ठेवत होता. नेम धरणं आता जमत नाही, म्हणून विकायचं. त्याने टेबलावरची पिस्तुलाची पेटी उघडली. पिस्तूल खरंच देखणं होतं. अक्रोडाच्या लाकडाची मूठ त्याच्या पंजाच्या मापाने कोरलेली, प्रत्येक बोटाला वेगळी खोबण. काकांनी ते उजव्या हातात घेतलं आणि मी बघतच राहिले. डाव्या पायाचा बूट उजव्या पायात कोंबावा, तशी त्यांची बोटं त्या मुठीवर कशीबशी चढली होती.

"काका," मी मराठीत कुजबुजले, "हे डावखुऱ्या माणसाचं आहे."

"दिसतंय ना. म्हणून तर विचार करतोय."

"यात विचार काय करायचाय? तुम्ही उजवे आहात!"

"प्राची, चहा घे," काका म्हणाले.

घरी येताना मी त्यांना भरपूर चिडवलं. आता डाव्या हाताने काम करायचे क्लास लावा म्हटलं. त्यांनी तेही मनावर घेतलं, आणि आठवडाभर डाव्या हाताने जेवून दोन शर्ट खराब केले.

मग ऑक्टोबरात केनचा मेसेज आला. नॉर्थॅम्प्टनचा एक डावखुरा गृहस्थ मंगळवारी पिस्तूल बघायला येतोय, तुमचं ठरलं असेल तर आधी कळवा. काकांनी मला मेसेज दाखवला आणि फोन खिशात ठेवून दिला. सोमवारी त्यांनी कळवलं नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या दारात उभे राहिले. "सोडतेस? आज बसची वाट बघवत नाहीये."

गाडीत बसल्यावर मी रागावलेच. "काका, हो नाहीतर नाही, एका शब्दाचं काम होतं. का नाही कळवलंत?"

"काय कळवणार? घेतलं तर संपलं. नाही घेतलं तरी संपलं."

दोन राउंडअबाउट गेली तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नव्हता. मग काकाच म्हणाले, "ते माझ्या हातात बसणार नाही, हे पहिल्याच दिवशी कळलं होतं गं. सांगून निघणारच होतो. तेवढ्यात तो म्हणाला, बसा, चहा टाकतो. सोमवारी तुझी काकू गेली की शुक्रवारपर्यंत मला 'बसा' म्हणणारं कोण असतं? त्यालाही कुणी नाहीये. पोरगा ऑस्ट्रेलियात."

"मग नुसतं चहाला जा ना! पिस्तूल कशाला हवंय मध्ये?"

"नुसतं?" काकांना ते अगदीच अशक्य वाटलं. "हे काय कोल्हापूर आहे? इथे कुणाच्या दारात उगाच उभं राहता येतं का? काहीतरी काम लागतं."

इतके दिवस मी ज्याला हसत होते ते आठवून वाईट वाटलं.

केनने दार उघडलं. मागच्या वेळी टेबलावर असलेली पेटी आज नव्हती. काकांनी रिकाम्या टेबलाकडे बघितलं आणि कोट न काढता खुर्चीच्या कडेवर टेकले.

"तो आला होता काल," केन त्याच्या संथ इंग्रजीत सांगायला लागला. "मूठ त्याच्या हातात अशी बसली, की जणू माझाच हात. त्याला लगेच न्यायचं होतं."

"चांगलं झालं," काका म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"मी त्याला सांगितलं, सॉरी. एक गृहस्थ आधीपासून विचार करताहेत. त्यांचं ठरल्याशिवाय मला विकता येणार नाही." केनने भिंतीतलं कपाट उघडलं, पेटी काढली आणि थरथरत्या हाताने टेबलावर काकांसमोर ठेवली. "त्याने फार हाताळलं, म्हणून पुसून ठेवलं होतं."

मला भरून आलं. ते लपवायला मी बिस्किटाच्या डब्यात डोकं घातलं.

काकांनी सावकाश कोट काढला. पिस्तूल उजव्या हातात घेतलं, बोटं कशीबशी मुठीवर चढवली, एक डोळा मिटून समोरच्या पडद्यावर नेम धरला आणि बराच वेळ तसेच बसून राहिले.

"मूठ अजून जरा बोचतेय," ते म्हणाले. "मला वाटतं, हिवाळा संपेपर्यंत तरी माझं काही ठरायचं नाही."

केनने गंभीरपणे मान हलवली आणि किटली चालू केली.

"हिवाळ्यात हे घर फार गार पडतं, मिस्टर मो," तो म्हणाला. "स्वेटर घालून येत जा."