मुका हॉर्न

जळलेला फ्यूज शेवंतीमावशी एक्स-रे बघावा तसा उन्हासमोर धरून बघतात. एक डोळा मिटून, मान तिरकी करून. मग जाहीर करतात, "गेलो." जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, सवय जाते थोडीच?

पार्से गावात त्यांच्या कुंपणाला लागून आमचं घर. निवृत्त झाल्यावर मावशींनी एक जुनी व्हॅन घेतली आणि मग चालवायला शिकल्या. केरीला दिलेली त्यांची थोरली बहीण म्हणाली, "ह्या वयात गाडी? लोक हसतले."

"हसांदेत. मी फुडे बघान चलयतंय!"

तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. चार वर्षं झाली. व्हॅनला नावं ठेवणारा कुणीही, मावशींच्या लेखी थोरलीच्या पक्षाचा.

यंदा चतुर्थीनंतर फ्यूज उडायला लागला. तो उडाला की हॉर्न मुका. नवा घातला की आठवडाभर ठीक, मग पुन्हा तेच. पेडण्याचा मेकॅनिक म्हणाला, फ्यूजच्या जागी तांब्याची तार घालतो, उडायचा प्रश्नच नाही.

"ताप इलो म्हणान थर्मामीटर फोडतंस काय रे?" मावशी कडाडल्या. "वायर पेटली तर विझवूक तू येतलंस?"

"मग भंगारात घाला."

मावशींनी चावी हिसकावली आणि प्रत्येक वळणावर तोंडानेच "पों पों" ओरडत व्हॅन घरी आणली.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवते. रविवारी मला बोलावणं आलं. "टीचर, तू पोरांका वीज शिकयतंस मगे? ये तर."

आम्ही एकेक गोष्ट करून पाहिली. हॉर्न वाजवला, फ्यूज टिकला. स्टिअरिंग गरगर फिरवलं, टिकला. इंजिन तापवलं, तरी टिकला.

"दुखणेकरी डॉक्टरासमोर बरोच आसता," मावशी म्हणाल्या.

शेवटी हॉर्नच्या लायनीला जोडलेली एक जादा वायर सापडली. आधीच्या मालकाने मागच्या दारात दिवा बसवला होता. वायर छतातून तिथपर्यंत गेलेली.

"मागचं दार कधी उघडता?"

"कधीच नाय."

"मग फ्यूज उडतो त्या दिवशी कुठे गेलेल्या असता?"

मावशी पदराने गाडीची काच पुसायला लागल्या.

"केरीक," त्या पुटपुटल्या. "थोरल्या बायच्या गेटीर नारळ ठेवतंय, तिच्या गुडघ्याचां औषध ठेवतंय. हाक मारणंय नाय. हॉर्न मारतंय आणि येतंय. आता तो वाजणाच नाय. तिका कळतलां कसां? मागच्या फेरेक गेलंय तर आदलां औषध थंयच होतां. पावसान भिजलेलां."

नारळ काढायचे तर मागचं दार उघडणं आलंच. मी उठून ते उघडलं. पुढे जाऊन हॉर्न दाबला. मुका.

दाराच्या बिजागरीत घासून वायर सोलली होती. दार वर गेलं की उघडं तांबं पत्र्याला टेकायचं. मी वायर सोडवून रबरी नळीत घातली, नवा फ्यूज बसवला. टेप मात्र मावशींनी माझ्या हातून घेतली. "बँडेज माका बांधूक दी."

त्याच संध्याकाळी मला शेजारी बसवून त्यांनी केरी गाठली. मागचं दार उघडून नारळ उतरवले, औषध गेटच्या खांबावर ठेवलं, दार लावलं, इंजिन सुरू केलं आणि हॉर्न दाबला. वाजला. मावशी हात काढीनात. शेजारचे कुत्रे भुंकायला लागले.

घराचं दार उघडलं. काठी टेकत एक किडकिडीत म्हातारी पायरीवर आली.

"बंद कर गे तो भोंगो! बहिरी नाय झालंय मी!"

मावशींनी हात काढला.

"दोन म्हयने खंय होतंस?" थोरलीने विचारलं.

मावशींनी काच खाली केली. "फ्यूज गेल्लो."

"गाडयेचो?"

मावशींनी इंजिन बंद केलं आणि त्या खाली उतरल्या.