बाथटबमधले लावे

कुत्रीला शिकार शिकवायची तर जिवंत पक्षी हवेत, आणि पक्षी दर वेळी कुणाकडे मागत बसण्यापेक्षा आपणच पाळलेले बरे, एवढा साधा विचार हार्लन स्टेनरूडने एप्रिलमधल्या एका रविवारी, चर्चमधून आल्यावर कॉफी पिता पिता केला. बायकोला विचारलं नाही. (विचारलं असतं तरी अर्डिस 'नको' म्हणाली असती आणि त्याने ते केलंच असतं. पण पुढे 'मी तेव्हाच सांगितलं होतं' म्हणायचं सुख तरी तिला मिळालं असतं. तेही बिचारीला मिळालं नाही.)

हार्लन हा धान्याच्या कोठारात ट्रक तोलणारा, पोट सुटलेला, मनाने मऊ माणूस. त्याचं दुःख एकच होतं. दर ऑक्टोबरात फेझंट या रानकोंबड्यासारख्या पक्ष्याच्या शिकारीचा मोसम उघडला की अर्डिसचं अख्खं माहेर तिच्या वडिलांच्या, म्हणजे सिगर्डच्या मळ्यावर जमायचं. बायका, पुरुष, सुना, सगळे बंदुका घेऊन माळावर जायचे, आणि हार्लन स्वयंपाकघरात बसून सगळ्यांचे बटाटे सोलायचा. कारण सिगर्डचा नियम होता : ज्याचा कुत्रा रोख धरतो, तोच माळावर. रोख धरायचा म्हणजे पक्ष्याचा वास आला की कुत्र्याने पुढचा एक पाय उचलून, शेपटी ताठ करून जागच्या जागी थिजायचं, आणि कुणीतरी पुढे होऊन पक्षी उडवेपर्यंत तसूभर हलायचं नाही. हार्लनकडे असला कुत्रा कधीच नव्हता. एकदा तो नुसताच गेला, तर गवतात धडपडून त्याने माळावरचे सगळे फेझंट एका दमात उडवून लावले. त्यानंतर सासऱ्यांनी त्याच्या हातात सुरी दिली ती दिलीच.

पण या वर्षी त्याच्याकडे टिली होती. तपकिरी ठिपक्यांची, लांब कानांची, जातिवंत नाकाची. फक्त पक्षी हवे होते.

पहिल्यांदा त्याने शेजारच्या ओडेगार्डबाईंच्या गोठ्यातली कबुतरं धरली. मासे उचलायची जाळी घेऊन तो शिडीवर चढला, शिडीसकट शेणात उतरला, पण कबुतरं मिळाली. त्यांच्यासाठी घरामागे रंग दिलेलं खुराडं तयार होतं. दुसऱ्या दिवशी शिकवणीसाठी ती शेतात सोडली. कबुतरांनी आकाशात एक सुंदर गिरकी घेतली आणि ती दिसेनाशी झाली. हार्लन खुराड्याचं दार उघडून वाट बघत बसला. तेवढ्यात फोन वाजला.

"हार्लन, तुझी कबुतरं आली रे," ओडेगार्डबाई म्हणाल्या.

"माझी?"

"म्हणजे माझीच. पण तू नेली होतीस ना, म्हणून आपलं कळवलं."

त्याने ती पुन्हा धरून आणली. ती पुन्हा गेली. इतकं चांगलं खुराडं सोडून ती शेणाच्या वासात का जातात, हे त्याला काही केल्या उमगेना. शेवटी ओडेगार्डबाईच म्हणाल्या, "त्यांना राहू दे इथेच, तूच कुत्रीला घेऊन ये. सगळ्यांचीच ये-जा वाचेल. आणि येशील तेव्हा शिडी घेऊन जा, वाकलीय."

तेव्हा तो सासऱ्यांकडे गेला. सिगर्ड ट्रॅक्टरखाली उताणा पडून दुरुस्ती करत होता. तिथूनच त्याने सल्ला दिला.

"जावईबापू, लावे पाळ. पिल्लं आण, वाढव. पण एक ध्यानात ठेव. पिल्लांना माणसाचं तोंड दिसता कामा नये. दाणापाणी पडद्याआडून. बोलायचं नाही, हात लावायचा नाही. माणसाळलेला लावा उडत नाही, आणि न उडणारा पक्षी चांगल्या कुत्र्याचं वाटोळं करतो."

"एवढंच ना?" हार्लन म्हणाला.

"तुला एवढंही जड जाईल," ट्रॅक्टरखालून आवाज आला.

पिल्लं पोस्टाने आली. भल्या सकाळी पोस्टातून निरोप आला, "हार्लन, तुझं पार्सल ओरडतंय. लवकर ने, इथे कुणाचं कुणाला ऐकू येत नाही." खोक्यात अक्रोडाएवढे पिवळे-तपकिरी गोळे होते आणि प्रत्येक गोळा आपल्या परीने किंचाळत होता. बाहेर अजून बर्फ होतं. घरात उबदार, गुळगुळीत भिंतींची आणि पडदा असलेली जागा एकच होती.

"हार्लन," अर्डिस बाथरूमच्या दारात उभी राहून म्हणाली, "माझ्या टबात काय आहे?"

"लावे. थोडेच दिवस. पिसं फुटेपर्यंत त्यांना ऊब लागते गं."

"मलाही लागते."

"पण तुला पिसं फुटायची नाहीत ना," हार्लन समजुतीने म्हणाला, आणि हे बोलायला नको होतं हे त्याला लगेच कळलं.

अर्डिस टॉवेल खांद्यावर टाकून आंघोळीला भावाकडे जाऊ लागली. त्यामुळे झालं काय, की हार्लनच्या घरात पिल्लांनी कधी काय केलं याची बित्तंबातमी त्याचा मेहुणा लाइल याला रोज मिळू लागली. लाइलकडे तीन बक्षिसं मिळवलेला कुत्रा होता आणि त्याहून जास्त बक्षिसं मिळवलेली जीभ होती.

"काय दाजी," तो कोठारात मक्याचा ट्रक तोलायला आला की विचारायचा, "बाळंतीण कशी आहे?"

पडदा मात्र हार्लनने इमानाने पाळला. सूर्यफुलांच्या पडद्याआडून हात घालून तो दाणे टाकायचा, पाणी ठेवायचा. पण त्यातल्या एका मादी पिल्लाचं बोट वाकडं होतं. बाकीची तिला ढकलून ऊब देणाऱ्या दिव्याखालची जागा घ्यायची आणि ती कोपऱ्यात थरथरत बसायची. एका सकाळी हार्लनने तिला उचललं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. (एकाच पिल्लाने तोंड पाहिलं तर असं काय बिघडतं?) खिशात ती झोपली. तिला झोप लागावी म्हणून तो चर्चमधल्या एका गाण्याची चाल हळूच शिटीवर वाजवू लागला. ती ऐकून बाकीची पिल्लं गप्प झाली. मग ती तरी प्रेमाला का उपाशी राहावीत, म्हणून पडदा जरासा सरकला. उन्हाळा येईस्तोवर पडदा धुऊन, घडी घालून कपाटात गेला होता, आणि वाकड्या बोटाच्या लावीचं नाव बर्टा पडलं होतं. सिगर्डला यातलं काही सांगायची गरज हार्लनला वाटली नाही.

उन्हाळ्यात लावे बाहेर जाळीच्या खुराड्यात गेले आणि शिकवणी सुरू झाली. लाइलने आपलं जुनं शिकारीचं जाकीट हार्लनला दिलं होतं. त्याच्या पाठीला मारलेले पक्षी ठेवायचा मोठा कप्पा होता. हार्लन त्यात जिवंत लावे घालून शेतावर न्यायचा. बर्टाला तो कप्पा इतका आवडला की जाकीट खाली ठेवलं की ती आपणहून आत जाऊन बसायची.

एक लावा गवतात लपवायचा, दूर जायचं, टिलीला सोडायचं, असा बेत होता. हार्लनने लावा गवतात लपवला. मग मोठ्या रुबाबात टिलीला सोडलं. टिली नाक खाली घालून सुसाट निघाली, गवतात शिरली, वळली, परत आली आणि हार्लनपुढे येऊन थिजली. पाय उचललेला, शेपटी ताठ, डोळे त्याच्यावर खिळलेले.

"टिली, पक्षी तिकडे," हार्लनने बोट दाखवलं.

टिली हलली नाही.

हार्लनने खाली पाहिलं. लावा त्याच्या बुटावर उभा राहून नाडी ओढत होता.

पुढच्या वेळीही तेच झालं, त्याच्या पुढच्या वेळीही. पक्षी लपवला की तो हार्लनच्या मागे मागे चालत येई, आणि टिली येऊन त्या दोघांपुढे खांब होई. हार्लन बुचकळ्यात पडला. कुत्री रोख धरत होती, आणि असा की शेजारून गाय गेली तरी पापणी हलत नव्हती. फक्त तोंड चुकीच्या बाजूला होतं. दिशेचं मागाहून बघू, असं त्याने ठरवलं.

अर्डिस कपडे वाळत घालताना हे सगळं पाहायची.

"ती तुला दाखवते आहे, हार्लन."

"ती पक्षी दाखवते आहे."

"मग पक्षी दर वेळी तुझ्याच पायाशी का?"

"योगायोग."

"रोजचा?"

हार्लनने यावर विचार केला आणि तो आणखीनच गोंधळला.

ऑक्टोबर आला. मोसमाच्या पहिल्या सकाळी हार्लनने लाव्यांना दाणे घातले, तर बर्टा दिसेना. त्याने शिटी वाजवली, जाळीमागे पाहिलं. अर्डिस गाडीत बसून हॉर्न वाजवत होती. असेल कुठेतरी, म्हणत त्याने खुराड्याच्या दाराशी काढून ठेवलेलं जाकीट घातलं आणि निघाला. जाकीट पाठीला जरा जड लागत होतं. अर्डिसने राय धान्याच्या पावाची न्याहारी बांधून दिली असणार, असं त्याला वाटलं आणि मनातल्या मनात तो हळवा झाला.

माळावर सगळं माहेर रांगेत उभं होतं. वारा छान होता. सिगर्डने टोपी सारखी केली.

"जावईबापू, सोडा कुत्री. तिने रोख धरला तर तुम्ही आमच्याबरोबर. नाही धरला तर बटाटे आतच ठेवलेत."

हार्लन टिलीशेजारी वाकला. त्याने पट्टा सोडला.

टिली अशी काही धावली की लाइलसुद्धा गप्प झाला. डावीकडे, उजवीकडे, वाऱ्यावर नाक धरून तिने सारं गवत विंचरून काढलं. मध्येच तिची मान झटक्यात वळली. ती थेट परत आली, थोड्या अंतरावर थांबली आणि थिजली. पाय उचललेला. शेपटी ताठ. नाक सरळ हार्लनच्या दिशेला.

"दाजी, हलू नका!" लाइल ओरडला. "पक्षी मोठा आहे!"

रांग हसून लोटपोट झाली. हार्लन डावीकडे सरकला. टिलीचं नाक डावीकडे वळलं. तो उजवीकडे गेला. नाकही गेलं.

"टिली, अगं मी आहे, मी!"

"तिला ठाऊक आहे, दाजी, म्हणून तर!"

एकटा सिगर्ड हसला नाही. तो नियमाचा माणूस.

"कुत्रीने रोख धरलाय," तो म्हणाला. "पक्षी उडेपर्यंत हलायचं नाही असं शिकवलंयत ना तिला?"

"हो," हार्लन म्हणाला. एवढ्या फजितीतही त्याला जरा अभिमान वाटलाच.

"मग उडा."

"काय?"

"उडा, जावईबापू. आम्हाला दिवसभर इथे उभं राहायचं नाही."

हार्लनने अर्डिसकडे पाहिलं. तिने मान डोलावली. तेव्हा त्याने बंदूक खाली ठेवली, दोन्ही हात पसरले, फडफडवले आणि जमेल तेवढी उंच उडी मारली. मग आणखी एक. त्या उडीबरोबर त्याच्या पाठीवर काहीतरी धडपडलं, फर्र आवाज झाला, आणि कप्प्यातून बर्टा बाहेर पडली. लाइलची टोपी उडवत तिने एक छोटीशी गिरकी घेतली आणि परत येऊन हार्लनच्या बुटावर बसली.

लाइल गवतात टोपी शोधू लागला.

सिगर्डने डोक्यावरची टोपी काढली. हार्लनसाठी नाही, टिलीसाठी.

"एवढ्या गवतात, एवढ्या माणसांत, कापडाच्या आतला एक लावा," तो हळूच म्हणाला. "असं नाक मी जन्मात पाहिलं नाही."

"म्हणजे मी पास?" हार्लनने विचारलं.

"कुत्री पास. जावईबापू, ज्याला स्वतःच्या पाठीवरचा पक्षी कळत नाही, त्याला गवतातला काय कळणार? आणि तुम्ही माळावर असलात तर ती दुसरं काही दाखवायची नाही."

"मग तिला कोण नेणार?"

अर्डिसने शांतपणे त्याच्या गळ्यातली, कुत्रीला बोलवायची शिटी काढून आपल्या गळ्यात घातली. "मी," ती म्हणाली. "सबंध वसंत ऋतू मी टब दिलाय."

त्या दिवशी हार्लनने स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं पाहिलं. टिलीने एकामागून एक फेझंट दाखवले, दगडासारखी उभी राहून, नाक नेमकं योग्य दिशेला. लाइलच्या बक्षीसवाल्या कुत्र्याला कुणी विचारलं नाही. हार्लनला आनंद व्हावा की वाईट वाटावं हे नीट ठरत नव्हतं, म्हणून तो आणखी बटाटे सोलत राहिला. बर्टा सालांच्या ढिगात बसून होती.

दुपारी मंडळी भुकेजून परतली. सगळ्यांत पुढे टिली. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आली आणि थिजली. पाय उचललेला, शेपटी ताठ. तिच्या मागे अख्खं माहेर दारात अडकलं.

"हार्लन," मागून अर्डिस ओरडली, "जरा उडतोस का? तिला पाणी प्यायचंय, आणि आम्हाला आत यायचंय."

हार्लनने सुरी खाली ठेवली, ॲप्रनला हात पुसले आणि तो उडाला. सालांत झोपलेल्या बर्टाने एक डोळा उघडून त्याच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा मिटला.