निघालो की कळवा

कंपनीत माझं काम दुसऱ्यांच्या वाट पाहण्यावर लक्ष ठेवायचं आहे. ऑर्डर, गोदाम आणि डिलिव्हरी या तिन्ही सिस्टिम एकमेकींच्या निरोपासाठी नीट थांबतात ना, हे मी तपासतो. (बावीस वर्षं. बढतीही थांबलीय, अगदी नीट.) त्यामुळे सासरे इस्पितळात वारले आणि बायको हुंदके देत म्हणाली, "दादाला बाबांचं तोंड दिसायला हवं हो," तेव्हा मी डोळे पुसून कागद-पेन घेतलं. स्मशानात चारची वेळ मिळाली होती.

योजना चोख होती. मेहुणे घरी पोचल्याशिवाय शववाहिका इस्पितळातून हलवायची नाही. बाबांना जिन्यात ताटकळत ठेवायला नको. आणि शववाहिकेतून बायकोचा 'निघालो' असा निरोप आल्याशिवाय बाहेरगावाहून येणाऱ्या मेहुण्यांनी बसस्टँड सोडायचा नाही. घराच्या कुलपासमोर त्यांना बसायला नको. मी तीन-तीनदा तपासलं. चुकीच्या वेळी कुणी कुठं पोचणं शक्यच नव्हतं!

मी स्मशानात जाऊन बसलो. तीन वाजले तरी फोन गप्प. म्हणजे एकही चूक नाही! साडेतीनला तिथला कारकून आला.

"मयत कुठंय?"

"सगळं ठरल्याप्रमाणे चाललंय."

"चाललंय, पण काय?"

मी बायकोला फोन लावला.

"अगं, निघालात का?"

"दादा पोचला का?"

मग मेहुण्यांना लावला.

"पोचलात का?"

"बेबी निघाली का? तुम्ही सांगितल्यापासून बाकावरून उठलो नाही हो, भावजी!"

पुन्हा बायकोला लावला, तर फोन शववाहिकेच्या ड्रायव्हरनं घेतला. "साहेब, मी थांबलोय, ताई थांबल्यात, ते स्टँडवर थांबलेत. घाई नाही ती फक्त बाबांना."

"पण कुणाचं काही चुकलेलं नाही!"

"काही होईल तेव्हा चुकेल ना!"

काही वाईट घडणार नाही, एवढं मी तपासलं होतं. काही घडेल का, हे तपासायचं राहिलं होतं.

शेवटी बायकोनंच भावाला फोन केला, "दादा, ऊठ. सरळ स्मशानात ये. आम्हीही तिकडेच निघतोय."

चाराला दोन मिनिटं कमी असताना मेहुणे धावत आले. बाबांचं तोंड त्यांना दिसलं, ते तेवढंच. बसचं तिकीट अजून मुठीत होतं, तीच मूठ त्यांनी बाबांच्या छातीवर टेकवली. मी चपलांकडे बघत राहिलो.

परतताना बायको म्हणाली, "तुमच्या वेळी मी कुणासाठी थांबणार नाही. आधी पोचवून येईन, मग कळवीन."

सवयीनं मी मनातल्या मनात तपासून पाहिलं. कुठंही अडकत नाही.