डोलकाठीले हात लावू नका

"भाऊजी, डोलकाठीले हात लावू नका. मी दहा वाजता टेम्पो घेऊन येतो, मंग दोघं मिळून उतरवू," असं माझ्या मेव्हण्याने, भगवंतने, दर्यापूरहून फोनवर सांगितलं आणि त्याच क्षणी मी ठरवलं, की काठी दहाच्या आत खाली आली पाहिजे. (फोन स्पीकरवर होता. बायको ऐकत होती.)

भगवंत नौदलातून रिटायर झालेला. धरणात फिरवायला त्याने एक छोटी शिडाची बोट घेतली आणि रंगवायला अमरावतीत आमच्या अंगणात आणून ठेवली. रंग वाळला. आता बोट न्यायची, पण डोलकाठी उभी ठेवून निघालं तर पहिल्याच चौकात विजेची तार. एवढं मलाही कळत होतं.

तयारी चोख केली. आमची तार फाटकावरून येते, म्हणून काठी उलट्या बाजूला, मागे झोपवायची. काठीला पुढून ताणून धरणारा दोर बोटीपासून सोडवला, पेरूच्या झाडाला दीड वेढा दिला आणि टोक हातात धरलं. दोर हळूहळू सोडायचा, काठी हळूहळू उतरणार. मागे झेलायला बायको, विमल.

"अवो, काठी लांब केवढी हाये?"

"तू तारेकडे बघ!"

"तार दूर हाये. मी काठीचं इचारून राहिली."

"सोडतो!"

काठी अशी उतरली, जशी आमच्या ऑफिसात फाइल उतरते. संथ, कोणाला न दुखवता. मग ठक्‌ असा आवाज झाला.

"मांगच्या सुंदराबाईच्या गॅलरीत घुसली! आता सोडू नका, खाली त्याइच्या कुंड्या हायेत!"

मी झाडाच्या बुंध्याला पाय लावला, डोळे मिटले आणि जीव खाऊन दोर ओढून धरला.

"विमल, हे काय आलं वं माह्या गॅलरीत?"

"बोटीची काठी हाये, काकू. भाऊ येतेपर्यंत राहू द्या."

"मंग मी गोधडी वाळू घालतो."

ओल्या गोधडीचं वजन मला लगेच दोन्ही खांद्यांत जाणवलं.

एक तास गेला. फाटकातून शेजारच्या वामनरावांनी विचारलं, "काय रविकांत, झाड पाडून राहिला काय?" मी नुसती मान हलवली. ताकद राखायची होती. विमलने बशीतला चहा माझ्या तोंडाला लावला. लग्नानंतर पहिल्यांदाच. हात बधिर झाले होते, पण सुंदराबाईंच्या कुंड्या शाबूत होत्या.

दहाला भगवंत आला. बोटीभोवती एक चक्कर मारून माझ्याजवळ उभा राहिला.

"भाऊजी, सोडा आता."

"काठी पडेल!"

"काठी कायले पडते? ते तं कवाची कठड्यावर टेकून निवांत हाये. दोराचा वेढा झाडाच्या खोडात रुतून बसला, पलीकडं दोर जमिनीवर लोळून राहिला. तुमी तासभर निस्तं झाड धरून ठेवलं."

मी हळूच सोडलं. झाड हललंसुद्धा नाही.