छत्तीस कप्पे आणि एकच चिठ्ठी

मी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये सहसा चूक नसते. हे वाक्य मी ऑफिसात इतक्यांदा ऐकवलंय, की मी घसा खाकरला तरी लोक चहा आणायला उठतात.

आमची कंपनी कपाटं आखायचं सॉफ्टवेअर बनवते. त्यातलं 'मागे घ्या' हे बटण माझं. तुम्ही कप्पा आखा, सरकवा, खोडा. प्रोग्रॅम प्रत्येक कृतीची एक चिठ्ठी लिहून गठ्ठ्यावर ठेवतो. बटण दाबलं, की वरची चिठ्ठी वाचून ती कृती उलटी करतो. आता लोक घाईघाईत एकच गोष्ट दोनदा करतात. म्हणून सारखी चिठ्ठी लागोपाठ आली तर एकच ठेवायची, असं मी ठरवलं. दोन चिठ्ठ्या सारख्या आहेत का, हे ओळखायचं काम सहा ओळींत उरकलं आणि त्यावर पन्नास चाचण्या लिहिल्या. पन्नासच्या पन्नास पास!

चाचण्या तपासणाऱ्या सहकारिणीला आम्ही पाठीमागे शंकेश्वरी म्हणतो. तिने विचारलं, "काय काय तपासलंस?"

"सारख्या चिठ्ठ्यांच्या पन्नास जोड्या. दर वेळी सारख्याच निघाल्या."

"आणि वेगळ्या चिठ्ठ्या वेगळ्या निघतात का?"

"अगं, वेगळ्या त्या वेगळ्याच असणार. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

"एकदा आरसा बघ," ती म्हणाली. मी शनिवारची सुट्टी बघितली.

घरी सासू-सासरे राहायला आले होते. सासरे चाळीस वर्षं सुतारकाम करत होते. हात थरथरायला लागले तशी त्यांनी करवत खाली ठेवली, आणि तेव्हापासून माणूस अगदी मिटून गेला होता. मला ते बघवेना. म्हणून त्यांना माझ्या लॅपटॉपवर आमचं सॉफ्टवेअर लावून दिलं. तीन आठवडे ते सासूबाईंसाठी कपाट आखत होते. छत्तीस कप्पे, प्रत्येकाचं माप निराळं. ते कप्पा आखायचे आणि त्यात काय ठेवायचं ते सासूबाई शेजारी बसून एका बोटाने टाइप करायच्या. 'लोकरीचे गुंडे.' 'चष्मे, जुने.' सोमवारी नकाशा त्यांच्या जुन्या भागीदाराकडे जायचा होता आणि कपाट बनणार होतं. दोघं पुन्हा भांडायलाही लागले होते, इतकं सगळं छान चाललं होतं.

शनिवारी मी माझं नवं बटण त्यात घातलं.

"बाबा, आता बिनधास्त खोडा. सगळं परत येतं."

"सगळं?" सासरे म्हणाले. "लाकडात तसं नसतं हो, जावईबापू. कापलं की कापलं."

"म्हणून तर हे केलं. खोडून बघा."

सासऱ्यांना हुरूप आला. त्यांनी सासूबाईंना आणि माझ्या बायकोला हाक मारून शेजारी बसवलं आणि एकेक करत छत्तीसही कप्पे खोडले. कागद कोरा झाला. प्रोग्रॅम पावलोपावली जुन्यावरच नवं आपोआप जतन करत होता, तीही माझीच हुशारी.

मी ऐटीत बटण दाबलं. एक कप्पा परत आला. त्यावर लिहिलं होतं, 'ह्यांच्या गोळ्या.'

पुन्हा दाबलं. मग अकरा वेळा दाबलं.

"बाकीचे दमाने येतात का?" सासऱ्यांनी विचारलं.

माझ्या सहा ओळी फक्त काय केलं तेवढंच बघत होत्या. कप्पा खोडला, कप्पा खोडला, कप्पा खोडला. कुठला कप्पा, ते कोण बघतो? पहिली चिठ्ठी ठेवून पस्तीस टाकून दिल्या होत्या. जो सगळ्यालाच 'सारखं' म्हणतो, तो माझ्या पन्नास चाचण्यांत पहिला येणारच.

"चुकलं, बाबा," मी म्हणालो.

त्यांनी माउस हातात घेतला. मग म्हणाले, "मापं माझ्या डोक्यात आहेत. लाकूड तर वाया गेलं नाही ना?" आणि पहिली रेघ ओढायला लागले. मी सुटकेचा श्वास टाकून स्वयंपाकघरात गेलो. मागोमाग बायको आली.

"आणि आई?"

"बाबांची माफी मागितली ना. चूक तर एकच आहे."

बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, "मी काय काय लिहिलं होतं, ते मला कुठे आठवतंय आता."

माफीच्या चिठ्ठ्याही दोन होत्या. मी गठ्ठ्यातून एक फेकली होती.

बाहेर जाऊन म्हणालो, "आई, तुमची माफी निराळी मागतो."

"मागा," त्या म्हणाल्या. "आणि बसा इथे. आठवेल तसं मी सांगते, तुम्ही टाइप करा."

रविवारचा दिवस मावळेपर्यंत मी टाइप करत होतो. सासरे दर कप्प्यानंतर माप कागदावर पेन्सिलीने उतरवून ठेवत होते, माझा डोळा चुकवून.

सोमवारी नकाशा गेला. मी एक्कावन्नावी चाचणी लिहिली, दोन वेगळे कप्पे वेगळे निघतात का ते बघणारी. ती दणकून नापास झाली. चूक सुधारल्यावर पास झाली. शंकेश्वरीने विचारलं, "हे कसं सुचलं?" मी सासूबाईंचं नाव सांगून टाकलं.

त्याच संध्याकाळी दुरुस्त केलेलं बटण घेऊन घरी आलो.

"बाबा, आता एकदा सगळं खोडून बघा."

सासरे चष्मा पुसायला लागले. सासूबाईंनी माउस उचलून आपल्या मांडीवर ठेवला आणि मला म्हणाल्या, "आधी जेवून घ्या."